विशूच्या फ्रॉकची पाठ

देवपूर, धुळे
शनिवार, ४ एप्रिल

प्रिय मृणाल,

जयभीम. तुला पत्र लिहायची माझी ही दुसरीच वेळ. पहिलं पोस्टकार्ड तू कॉलेजच्या कॅम्पला शिरपूरकडे गेली होतीस तेव्हा टाकलं होतं. त्यातल्या चार ओळींत मी तीनदा स्वेटर घातलास का म्हणून विचारलं होतं. तू ते मैत्रिणींना वाचून दाखवलंस आणि सगळ्या पोट धरून हसल्या, असं तूच नंतर सांगितलंस. तुझ्या आईला कपड्यांपलीकडचं काही विचारता येत नाही, हे तेव्हापासून जाहीर आहे. आजही कपड्यापासूनच सुरुवात करते, कारण दुसरीकडून सुरू करायचं धैर्य नाही. फोनवर बोलता येत नाही. तुझा फोन नेहमी स्पीकरवर असतो आणि शेजारी कोण बसलंय ते मला त्याच्या खोकल्यावरून कळतं. म्हणून कागद घेतला.

तुझ्या विशूचा चौदा एप्रिलचा फ्रॉक झाला आहे, फक्त पाठ राहिली आहे. पांढरं सुती कापड, आतून मलमलचं अस्तर, गळ्याला आणि बाह्यांना निळी पट्टी. तू सांगितलंस तसा दोन साईझ मोठा केला आहे, शिवाय पुढे वाढवायला कडेला दोन बोटं माया ठेवली आहे. तू त्या गुरुवारी फोनवर म्हणालीस, "आई, बटणं मागे नको. पुढे कर आणि मोठी कर. तिची तिला लावता आली पाहिजेत." त्याला आज नऊ दिवस झाले. नऊ दिवसांत मी त्या फ्रॉकच्या पुढच्या बाजूला कात्री लावली नाही. त्यानंतर तुझा फोन नाही, आणि मी केला तर बंद लागतो. मला भीती वाटते आहे, मृणाल. कसली ते पुढे लिहिते, पण वाटते आहे हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मी मध्येच शिवणकामावर घसरले तरी तू पत्र खाली ठेवणार नाहीस.

शिवणक्लासच्या मुलींना मी पहिल्याच आठवड्यात काय सांगते ते तुला पाठ आहे. तू लहानपणी ओट्यावर उभी राहून माझी नक्कल करायचीस, कमरेवर हात ठेवून, गळ्यात टेप घालून. पुढून उघडणारा कपडा असेल तर घालणाऱ्याचं माप घ्या. मागून उघडणारा असेल तर दोघांचं घ्या, घालणाऱ्याचं आणि लावणाऱ्याचं. लहान मुलीच्या फ्रॉकला मागे काय लावायचं हे फ्रॉक बघून ठरवायचं नसतं. ती चुळबुळ करणारी आहे का, तिच्या घरी सकाळी घाई असते का, लावणारी आजी असेल तर तिला दिसतं का, हे विचारायचं. चेन झटकन बसते, पण आत पट्टी नसेल तर पाठीची कातडी धरते आणि मग पोर जन्मभर चेनला घाबरतं. हुक दिसत नाही, पण घामाने गंजतो आणि आपल्या इकडच्या उन्हाळ्यात तर महिन्यातच पांढऱ्यावर डाग. टिचबटण धुण्याच्या धोपटण्याने सैल पडतं. वेल्क्रोत केस अडकतात. बंद बांधले तर मागच्या बाकावरची ओढते. काज आणि बटण सगळ्यात चांगलं, पण त्याला दोन हात आणि दहा बोटं लागतात, आणि समोरची पाठ घटकाभर स्थिर लागते. एवढं सगळं मी तीस वर्षं सांगत आले. लावणारा कोण ते विचारा, हेही सांगत आले. स्वतःच्या पोरीच्या बाबतीत मात्र मी नुसती मापं घेत राहिले.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तू म्हणालीस, आई, ब्लाऊजच्या बाह्या कोपराच्या खाली घे. जळगावात ऊन फार आहे, हात काळे पडतात. मला पटलं. जळगावचं ऊन काय कुणाला सांगायला हवं. मी बाह्या घेतल्या, शिवाय टोकाला नाजूक पट्टीसुद्धा लावली आणि म्हणाले, बघ कशी मास्तरीण दिसतेस. विशू झाल्यावरच्या दिवाळीला म्हणालीस, मागचा गळा खोल नको, बंद कर. मी म्हटलं, आता आई झालीस म्हणून एवढी सोवळी नको होऊस, पण केला. मग विशू दोन वर्षांची झाली, तेव्हा तू पिशवीभर ब्लाऊज घेऊन आलीस आणि म्हणालीस, हुक काढ, बोटांत धरता येत नाहीत. उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं तुला वाकवता येत नव्हती. दारात सापडली म्हणालीस. मी तुझा हात हातात घेतला, बोटं पाहिली, आणि मला पहिला विचार काय सुचला सांगू? टिचबटणसुद्धा जमणार नाही, वेल्क्रो लावावं लागेल. अकरा ब्लाऊज होते. दोन दिवसांत अकराही उसवून, वेल्क्रो लावून, वरून दिसायला खोटी बटणं टाचून दिली. क्लासमध्ये ते ब्लाऊज मिरवले. मुलींनो, बघा, अडचण आली की डोकं चालवायचं. केवढा अभिमान होता मला.

भागाबाई तेव्हा दारात ताक घेऊन उभी होती. शेजारीण म्हणून तिला आपल्याकडे काहीही बोलायची मुभा आहे, आणि ती घेतेही. तू आत गेल्यावर ती म्हणाली, "पोर मांगस बटन, अन् तू देस बटन. तिले इचार ना, काय व्हयनं." मला राग आला. मी तिला म्हणाले, तुम्हाला सगळीकडे वाकडंच दिसतं. चार दिवस ताकही घेतलं नाही. खरं तर राग आला तो ती बरोबर बोलली म्हणून, हे मला तेव्हाही आत कुठेतरी ठाऊक होतं. दारात सापडलेलं बोट काळं पडतं, नख जातं. तुझी नखं शाबूत होती. बोटं कुणीतरी मागे दुमडल्यासारखी होती. हे शिवणकाम करणाऱ्या बाईला कळत नाही असं कसं म्हणू? बोटांवरच तर आमचं पोट आहे.

आता त्या दिवाळीचं लिहायचं आहे. दीड वर्ष झालं. मी ते कुणाजवळ बोलले नाही, तुझ्याजवळही नाही, आणि तू एकदाही मला त्यावरून टोचून बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

तू चार दिवसांसाठी आलीस आणि अकरा दिवस राहिलीस. पाचव्या दिवशी दुपारी मी कुणाच्या तरी घागऱ्याचा घेर टाचत होते, तोंडात सात-आठ टाचण्या होत्या. तू समोर पाटावर बसलीस आणि म्हणालीस, "आई, मला तिथं नको." एवढंच. माझ्याकडे बघत राहिलीस. तोंडात टाचण्या असल्या की बोलता येत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. तू थांबलीस. मी एकेक टाचणी काढली आणि घागऱ्याला लावली. सगळ्या एकदम थुंकून टाकता आल्या असत्या की नाही? पण मी एकेक काढली, आणि शेवटची काढेपर्यंत माझ्याजवळ एक मऊसं उत्तर तयार झालं होतं. सुरुवातीची वर्षं अशीच असतात, पोरीकडे बघ, थोडं सोसून घे. तू मान डोलावलीस आणि विशूला झोपवायला आत गेलीस. मला वाटलं, पटलं हिला.

अकराव्या दिवशी तुला न्यायला युवराज आले. जावई म्हणून त्यांच्या वागण्यात नाव ठेवायला जागा नसते, हेच तर आपलं नशीब. रावेरहून केळीचा घड आणला होता, सासरे म्हणून नानांच्या पाया पडले, विशूला मांडीवर घेतलं. कारखान्यात चटया बांधणाऱ्या बायकासुद्धा साहेब म्हणून मान देतात असं कौतुकाने सांगितलं. घर हिच्याशिवाय खायला उठतं म्हणाले. डोळ्यांत पाणीही होतं. चहा झाला, तुझी बॅग दारात गेली, आणि तू आतल्या खोलीत तयार होत होतीस. मी त्या दिवाळीला तुला शिवलेला मोरपंखी ड्रेस घालत होतीस. त्याला मी मागे चेन लावली होती, लांब, मानेपासून कमरेपर्यंत, फॅशन म्हणून. तुझ्या बोटांचा विचार मला सुचलाच नव्हता. मी आत आले तशी तू माझ्याकडे पाठ केलीस आणि वेणी पुढे घेतलीस.

चेन पूर्ण उघडी होती. खांद्याच्या खाली दोन वळ होते, पट्ट्याच्या रुंदीचे, कडेने पिवळे पडत चाललेले. एकावर खपली होती. ते अकरा दिवस माझ्या घरात माझ्याच शिवलेल्या बंद गळ्यांखाली होते. तू हलली नाहीस. तू मला दाखवत होतीस, मृणाल. तोंडाने सांगून झालं होतं, आता दाखवत होतीस. बाहेर युवराज विशूला हसवत होते, तिचा खिदळण्याचा आवाज येत होता. मी चेनीचं टोक धरलं. आत पट्टी आहे ना ते बोटाने पाहिलं, म्हणजे कातडी सापडू नये. आणि चेन वर ओढली. मानेपर्यंत. वरचा हुक लावला. आणि म्हणाले, ड्रेस छान बसला आहे.

माफ कर असं मी लिहिणार नाही. ज्याला माफी मागायची असते त्याला निदान चुकून झालं एवढं तरी म्हणता यावं लागतं. मी डोळ्यांनी बघून केलं. का केलं त्याला मी दीड वर्षात शंभर कारणं शोधली. बॅग दारात गेली होती, नानांचं ब्लडप्रेशर, लोक काय म्हणतील, विहारातल्या बायका काय म्हणतील, विशूला बाप हवा. एकही कारण त्या पाठीपुढे ठेवण्याच्या लायकीचं नाही. खरं एवढंच की चेन वर ओढली की दिसायचं बंद होतं, आणि मला दिसायला नको होतं.

नंतर मी दोनदा जळगावला येऊन गेले. दोन्ही वेळा युवराजांनी सुट्टी घेतली, मला बसस्टँडवर घ्यायला आले, सोडायलाही आले. तू समोर बसून होतीस, विशू तुझ्या मांडीला चिकटून. आपण दोघींनी उडदाच्या पापडांवर तासभर बोलून काढला. निघताना तू मला म्हणालीस, आई, मधूनमधून येत जाऊ नकोस, नंतर त्रास होतो. कुणाला ते विचारलं नाही. डिसेंबरनंतर मी आले नाही. तुझं ऐकते असं स्वतःला सांगत होते. आता वाटतं, मला ते सोयीचंच होतं.

तर त्या गुरुवारी तुझा फोन आला, तेव्हाही मी नेहमीसारखीच ऐकत होते. बटणं पुढे, मोठी, तिची तिला लावता येतील अशी. मला वाटलं, तुझ्या बोटांमुळे म्हणते आहेस. मागची बटणं तुला लावता येत नाहीत आणि सकाळी शाळेच्या घाईत रडारड होते. मी मनात म्हटलं, थांब, तुझ्या आईला अजून डोकं आहे. मी मागेच असं काही लावून देते की तुला एका हाताने लावता येईल. पुढून बटणांचा फ्रॉक म्हणजे शर्टच, चौदा एप्रिलला विहारात पोर गाथा म्हणायला उभी राहणार, ती काय शर्टात? असा माझा हेका. शुक्रवारी सकाळी मी माझी उजवी दोन बोटं डॉक्टरी चिकटपट्टीने एकमेकांना बांधली, लाकडी चमचा मध्ये घालून, म्हणजे वाकायला नकोत. भागाबाईच्या नातीला स्टुलावर उभी केली आणि पाठीला एकेक प्रकार टाचून बघितला.

हुक तर धरवलाच नाही. टिचबटण दाबायला मागून आधार लागतो, पाठीवर दाबलं की पोर पुढे पडते. चेनीचं खालचं टोक धरायला दुसरा हात लागतोच. काज अरुंद, बटण त्यात शिरेपर्यंत भागाबाईची नात पळून गेली, तिला गुळशेंगदाणे देऊन परत आणावं लागलं. चार दिवस मी तेच करत होते. स्वयंपाकही त्याच बांधलेल्या हाताने केला, पोळ्या भारताच्या नकाशासारख्या झाल्या, नानांनी तशाच खाल्ल्या. भांडी घासताना, केस विंचरताना, पोलक्याचे हुक लावताना मला दर वेळी तू दिसत होतीस. तीन वर्षं तू हे करते आहेस. चौथ्या दिवशी जमलं. काजाऐवजी कापडाचे मऊ फास करायचे, जरा सैल, आणि बटण मोठं, मधून फुगीर. अंगठ्याने ढकललं की आत जातं. चार बटणं मी एका हाताने, दोन बोटं बांधलेली असताना लावली. मी भागाबाईच्या नातीचा मुका घेतला आणि लगेच तुला फोन केला. बंद होता.

मग तशीच पण पांढरी मोठी बटणं आणायला मंगळवारी पूल ओलांडून आग्रा रोडला सुरेशचंदभाईंकडे गेले. तीस वर्षं त्यांच्याचकडून दोरे, बटणं, अस्तर नेते. तू लहान असताना ते तुला फुटक्या बटणांची डबी खेळायला द्यायचे. बटणं काढता काढता ते म्हणाले, कुणाचा फ्रॉक? मी सांगितलं, विशूचा. आणि सहज हसत हसत सांगितलं की मृणाल म्हणते पुढेच बटणं कर, तिची तिला लावता आली पाहिजेत. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "सविताबाई, पाच वर्षांच्या पोरीला पुढे बटन कशाला? आई आहे ना लावायला."

मी बटणांची पुडी हातात धरून तशीच उभी राहिले. मागे दोन गिऱ्हाइकं होती, कुणीतरी म्हणालं मावशी, सरका. मृणाल, तू बोटांसाठी म्हणत नव्हतीस. बोटं तर तीन वर्षांपासून तशीच आहेत, आणि गेल्या वर्षीच्या फ्रॉकला मागेच चार बटणं होती. ती तूच लावायचीस, दहा मिनिटं लागायची असं हसून सांगायचीस. मग या वर्षी काय बदललं? त्या फोनवरचं एकेक वाक्य मला पुलावरून चालत येताना आठवायला लागलं. दोन साईझ मोठा कर, पुढच्या वर्षीही होईल. तिची वेणी आता ती स्वतः घालते, वाकडी होते पण घालते. डबा भरायला शिकवते आहे. माझे ब्लाऊज आता शिवू नकोस आई, आहेत तेवढे पुरतील. मी या सगळ्याला हं हं करत होते आणि वहीत मापं टिपत होते. पोरगी हुशार निघाली गं, असंही म्हणाले. पांझरेच्या पुलावर मधोमध मी कठड्याला धरून बसले. एक रिक्षावाला थांबून विचारायला लागला, ऊन लागलं का.

तू तुझ्यावाचून चालेल असं तिला तयार करते आहेस. आता लिहिलं. मी चुकीची असेन तर माझ्यावर हस, त्या पोस्टकार्डावर हसलीस तशी, मैत्रिणींना वाचून दाखव. पण मी चुकीची नाही असं मला वाटतं. सहा वर्षं तू मला कपड्यांतून सांगत होतीस आणि मी दर वेळी कपडा दुरुस्त करून परत पाठवला. बाह्या, गळा, हुक, चेन. हा पाचवा निरोप आहे. तो मी दुरुस्त करणार नाही.

त्या संध्याकाळी मी नानांना सगळं सांगितलं. वळांचंही. ते पेपर घडी करून बाजूला ठेवत म्हणाले, "किती दिवस माहीत होतं तुला?" मी म्हटलं, दीड वर्ष. त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत, बसच्या वेळा सोडून. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मागच्या खोलीतली दोन्ही जुनी मशीनं एकट्याने ओढून ओट्यावर आणली, खोली धुतली, तुझी लोखंडी कॉट जोडली. दाराची कडी आतून लागत नव्हती, तिला तेल घालून ती दहादा लावून बघितली. काल ते पोलीस चौकीत जाऊन महिलांच्या तक्रारी कुठे घेतात ते विचारून आले. चिठ्ठीवर लिहून आणलं आहे. मला ते नजर देत नाहीत आणि द्यावी असं मी म्हणणार नाही. तूही देऊ नकोस हवं तर. घरात माझ्याशी न बोलता राहता येतं, नानांना जमतं आहे.

हे पत्र फ्रॉकसोबत येणार नाही. फ्रॉक माझ्यापाशीच आहे. भागाबाईची भाची तुमच्या गल्लीतल्या अंगणवाडीत मदतनीस आहे, तिच्या हाती सोमवारी युवराज पहिल्या पाळीला गेल्यावर हे तुला मिळेल. वाचून झालं की चुलीत घाल. गॅस आहे माहीत आहे, पण घाल कुठेतरी. मंगळवारपासून मी आणि नाना रोज पहाटेच्या पहिल्या बसने जळगावला येणार आहोत. विशूची शाळा साडेअकराला सुटते, तू एकटीच घ्यायला येतेस. फाटकासमोर रस्त्यापलीकडे उसाच्या रसाची गाडी असते, तिच्या सावलीत मी उभी असेन. नाना रिक्षा थांबवून बसलेले असतील. तू फक्त विशूचा हात धरून रस्ता ओलांड. बॅग आणू नकोस, कपडे मी शिवेन. मंगळवारी जमलं नाही तर बुधवारी, नाहीतर गुरुवारी, मी रोज तिथे असेन. या वेळी युवराज मागून केळी घेऊन आले, रडले, पाया पडले, तरी मी दारातून बाजूला होणार नाही. माझ्यावर विश्वास ठेव असं म्हणायला तोंड नाही, म्हणून फक्त कुठे उभी असेन ते सांगते. माझ्या पिशवीत फ्रॉक असेल, पाठ उघडी, चार मोठी पांढरी बटणं आणि सुईदोरा. विशूच्या अंगावर घालून खुणा केल्याशिवाय मला ती लावता येणार नाहीत. लावणार मात्र मागेच, मृणाल. तुझ्या त्या हाताने ती लागतात, मी चार दिवस करून पाहिलं आहे. वेळ लागेल. लागू दे. पण लावायला तूच हवीस.

वाट पाहणारी,
तुझीच
आई